हिमेजीचा किल्ला: अडीच हजार येन देऊन रिकामा लाकडी मनोरा का बघायचा?

खडूस_प्रवासी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ओसाकात मुक्काम आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा (बाबांचे गुडघे कुरकुरतात) आणि चौदा वर्षांची मुलगी. यादीत हिमेजी आहे, पण तिकीट १ मार्च २०२६ पासून १,००० येनवरून थेट २,५०० झालंय. जो तो सांगतो की आत काहीच नाही, रिकाम्या लाकडी खोल्या आणि उभे जिने. ओसाकाच्या किल्ल्यात तर लिफ्ट आहे, संग्रहालय आहे.

प्रश्न दोन. एक, हिमेजीला जाण्यात खरंच अर्थ आहे का? दोन, गेलोच तर आई-बाबांचं काय करायचं? फोटो नकोत, फोटो जालावर ढिगाने आहेत.

आगगाडी_बाई

आधी जाण्याचं सांगते, बाकीचे वाद घालतीलच. ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वे) शिंकाइसोकु, म्हणजे जलद लोकल, पकडा. साधारण तासाभरात हिमेजी, भाडं दीड हजार येनच्या आसपास, आरक्षणाची भानगड नाही, इकोका कार्ड टेकवा आणि बसा. शिनकानसेन (बुलेट ट्रेन) शिन-ओसाकाहून अर्ध्या तासात नेते, पण भाडं दुपटीहून जास्त आणि शिन-ओसाकापर्यंत जाण्यातच वेळ मोडतो. देशभराचा रेल्वे पास काढला असेल तर शिनकानसेनपैकी साकुरा किंवा हिकारी गाडी घ्या. नोझोमी आणि मिझुहोला पासवर वेगळे पैसे पडतात. निव्वळ हिमेजीसाठी मात्र तो पास काढू नका, सात दिवसांचा पास ५०,००० येनचा आहे.

उत्तरेच्या दारातून बाहेर आलात की रस्त्याच्या टोकाला किल्ला समोरच दिसतो. सरळ, सपाट, एक किलोमीटर. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका.

गडवाट_०७

"आत काहीच नाही" हे खरंच आहे. पण ही तक्रार जिथे किल्ला नाही तिथे किल्ला शोधणाऱ्यांची आहे. हिमेजीचा किल्ला म्हणजे तो पांढरा मनोरा नव्हे. खालच्या दरवाजापासून मनोऱ्यापर्यंतची वाट म्हणजे किल्ला. लोक ती वाट वीस मिनिटांत धावत पार करतात, मग वर पोचून म्हणतात रिकामं आहे.

ती वाट अशी चाला. तिकीट घेतल्यावर पहिला हिशी-नो-मोन, सगळ्यात मोठा दरवाजा. आत आल्यावर उजव्या हाताला छोटासा खंदक. सगळी गर्दी सरळ इ-दरवाजाकडे जाते. तुम्ही थांबा आणि खंदकापलीकडच्या दगडी तटाच्या कोपऱ्यात पाहा: तटातच पाडलेलं भोकासारखं एक दार आहे, रु-नो-मोन. ती चोरवाट. वेळ आली तर दगड टाकून बुजवता येईल अशी.

दरवाजांची नावं इ, रो, हा, नी, हो. ही त्यांची जुनी बाराखडी, म्हणजे दरवाजा क, दरवाजा ख असंच झालं. हा-दरवाजाच्या चढावर मनोरा अगदी समोर, हाकेच्या अंतरावर वाटतो आणि बाजूच्या भिंतीतल्या जंग्या (मारा करायची भोकं) तुमच्यावर रोखलेल्या असतात. तो दरवाजा ओलांडला की वाट उलटी वळते आणि मनोरा पाठीशी जातो. पुढचा नी-दरवाजा ठेंगणा नि अंधारा, आत वळण, डोक्यावर लाकडी तक्तपोशी. वरून भाले खुपसायची सोय. हो-दरवाजा लोखंडी पत्र्याने मढवलेला आणि इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस. त्यापुढच्या पाण-दरवाजांपाशी वाट चक्क *उतरते*. वर जायचंय आणि पायाखाली उतार, तेव्हा चुकलो असंच वाटतं. हल्लेखोरालाही तेच वाटावं म्हणून ते केलंय.

आपल्याकडे रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलाय, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. विचार तोच. फरक इतका की सह्याद्रीत अर्धं काम कड्याने केलं. हिमेजीला ४५ मीटरची टेकडी, म्हणून बाकीचं सगळं वळणांवर भागवावं लागलं.

चिंगी_चौकस

जंग्या जपानी किल्ल्यातही असतात??

गडवाट_०७

@चिंगी_चौकस, त्यांना 'सामा' म्हणतात. गोल, त्रिकोणी आणि चौकोनी बंदुकीसाठी, उभी आयताकृती बाणासाठी, कारण धनुर्धर उभा राहून मारतो. आतून रुंद, बाहेरून निमुळत्या, आपल्यासारख्याच. आजही हजारभर शिल्लक आहेत. खड्या तटाच्या कोपऱ्यांवर बाहेर आलेले फुगवटे दिसतील, त्यांच्या तळाला झडप असते. खाली चिकटलेल्या माणसावर दगड टाकायला.

भाजणीची_चकली

त्रिकोणी भोक, गोल भोक, चौकोनी भोक... सोऱ्याच्या चकत्या आहेत की काय! (दिवे घ्या.)

पैशाचा_हिशेब

खडूस यांच्या मुद्द्याला अनुमोदन. तिकीट अडीचपट का? हिमेजीच्या रहिवाशांना अजूनही १,००० आणि बाहेरच्यांना २,५००. हा सरळसरळ दुजाभाव आहे.

वेरूळकर

अजिंठा-वेरूळला भारतीयाला ४० आणि परदेशी माणसाला ६०० रुपये. पंधरापट. आपण कुठल्या तोंडाने बोलायचं? हिमेजीत निदान पारपत्र बघून भेद नाही. टोकियोचा जपानी माणूसही २,५०० च भरतो. शिवाय अठराच्या आतल्यांना फुकट, त्यामुळे खडूस, मुलीचं तिकीट वाचलं. वयाच्या पुराव्याला तिचं पारपत्र जवळ असू द्या. शेजारच्या कोको-एन बागेसह जोडतिकीट २,६०० चं आहे, म्हणजे बाग जवळजवळ फुकटातच. हिमेजीला येऊन ती न बघणं हा गाढवपणा.

पैशाचा_हिशेब

मान्य. पण पंधरापट चूक म्हणून अडीचपट बरोबर होत नाही.

सुतारपक्षी

पैसे कुठे जातात ते मनोऱ्यात शिरल्यावर कळतं. इकेदा तेरुमासा याने १६०१ ते १६०९ मध्ये बांधलेली इमारत, सगळी लाकडाची, वर चुन्याचा गिलावा. बाहेरून पाच मजले दिसतात. आत सहा आणि खाली तळघर. हा फरक मोजायला मुलीला सांगा, चौदा वर्षांच्या पोरांना असलं आवडतं.

बघायची गोष्ट म्हणजे दोन खांब, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. तळघरापासून थेट वरच्या मजल्याच्या तळापर्यंत, २४ मीटरहून उंच, बुडाशी व्यास ९५ सेंटिमीटरच्या घरात. सगळा डोलारा या दोघांवर. १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत मनोरा तुकड्यातुकड्याने उतरवून परत उभा केला, तेव्हा पश्चिमेचा खांब कुजलेला निघाला. नवा एकसंध मिळेना, म्हणून दोन झाडांचे बुंधे तिसऱ्या मजल्याजवळ जोडले आहेत. सांधा शोधा. बहुतेक लोक खांबाला टेकून फोटो काढतात आणि सांधा न बघताच पुढे जातात.

तेव्हाच आणखी एक गोष्ट कळली. हा किल्ला झुकलाय असं तिथल्या लोकगीतात होतं आणि मुख्य सुताराने त्या शरमेने वरून उडी घेतल्याची दंतकथाही आहे. मनोरा खरंच कलला होता, पण दोष सुताराचा नव्हता. वजनाने पायाचे दगड खचले होते. आता खाली काँक्रीटचा पाया आहे आणि जुने दगड खालच्या आवारात मांडून ठेवलेत.

ठिपक्यांची_रांगोळी

मग रिकामा का ठेवलाय ते कुणी सांगेल का? सामान चोरीला गेलं?

सुतारपक्षी

तिथे कुणी राहतच नव्हतं. दाइम्यो म्हणजे तिथला सरदार राहायचा टेकडीवरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांत. मनोरा म्हणजे कोठार, शस्त्रागार आणि शेवटचा आसरा. भिंतींवर बंदुका-भाले टांगायच्या खुंट्यांच्या रांगा आहेत, त्याच त्याचं 'सामान'. तिसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यांत शिपाई दबा धरून बसायचे कोनाडे आहेत. चौथ्यावर खिडक्या उंच, म्हणून खाली उभं राहायला ओटे. तळघरात शौचकूपसुद्धा आहेत, जे कधी वापरले गेले नाहीत असं म्हणतात.

भाजणीची_चकली

चारशे वर्षं कोरा करकरीत संडास! याला म्हणतात जतन.

आगगाडी_बाई

चकली यांच्या विनोदातून कामाची गोष्ट: मनोऱ्यात आजही स्वच्छतागृह *नाही*. वर निघण्याआधी खाली उरकून घ्या. वाट एकेरी आहे, मध्येच परत फिरायला पंचाईत होते.

पायमोजे_वाले

जिन्यांबद्दल कुणीच नीट लिहीत नाही, म्हणून लिहितो.

दारात बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन सगळे मजले चढायचे. म्हणजे एक हात गेला. दुसरा कठड्याला हवा. छत्री, कॅमेरा, पाण्याची बाटली हातात असेल तर अडकलात. पाठीवर छोटी सॅक, बाकी काही नको. पिशवीही सॅकमध्ये मावली तर सोन्याहून पिवळं.

फळ्या चारशे वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत आणि सुती मोजा त्यावर घसरतो. तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे न्या. अनवाणी चालेल असं समजू नका, हिवाळ्यात फरशी बर्फासारखी असते. चढायचे आणि उतरायचे जिने वेगळे आहेत, त्यामुळे समोरासमोर धडक होत नाही. पण वरच्या मजल्यांना जिना अरुंद होतो आणि रांग थबकते. उतरताना तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा. तुळया खाली आहेत, उंच माणसांनी कपाळ सांभाळा. आत वातानुकूलन नाही, ऑगस्टमध्ये वरचा मजला भट्टी होतो.

सर्वांत वर ओसाकाबे देवीचं छोटं देऊळ. आणि खिडकीतून सरळ स्टेशनपर्यंतचा रस्ता.

शुभ्र_बगळा

बगळा म्हटलं की मला यावंच लागतं. किल्ल्याचं टोपणनाव शिरासागी-जो, शुभ्र बगळ्याचा किल्ला. २००९ ते २०१५ च्या दुरुस्तीनंतर पडदे उतरले तेव्हा तो इतका पांढराफटक निघाला की लोकांनी दोन अक्षरं फिरवून 'शिरोसुगी-जो' केलं: फारच पांढरा किल्ला. :)

आता ती चकाकी उतरली आहे. गिलावा चुन्याचा आहे, दमट हवेत बुरशी धरते आणि करडा पडत जातो.

चुनखडी

बगळोबा, अर्धी गोष्ट सांगितलीत. पांढरं फक्त भिंतींनी होत नाही. कौलं काळसरच आहेत, पण त्यांच्या प्रत्येक सांध्यावर चुन्याची गोल वरवंटी ओढली आहे, वादळात कौल उडू नये आणि पाणी शिरू नये म्हणून. लांबून तिरकं पाहिलं की सांधेच सांधे दिसतात आणि छप्परही पांढरं वाटतं. जवळ जाऊन वरून पाहा, रंग बदलतो.

त्या गिलाव्याला शिक्कुइ म्हणतात: विरलेला चुना, शिंपल्यांची भुकटी, तागासारखे धागे आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेली खळ. आपल्या घाण्यातल्या चुन्यात गूळ, हिरडा पडायचा. काम तेच, धरून ठेवायचं. ज्याच्या दारात जे पिकतं ते. जाड थर दिला की लाकडाला आगीपासूनही संरक्षण. लाकडी किल्ल्याचा खरा शत्रू शेजारचा सरदार नव्हे, आग.

इतिहास_चघळणारा

आग म्हणाल तर ३ जुलै १९४५ च्या रात्री हिमेजी शहर बॉम्बफेकीत जळून गेलं. किल्ल्यावर काळी जाळी पांघरली होती. वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब फुटलाच नाही. त्याआधी मेइजी काळाच्या (१८६८ पासूनचा) सुरुवातीला तो २३ येन ५० सेनला लिलावात गेल्याचं सांगतात. कौलं विकायच्या बेताने घेतला आणि पाडायचा खर्च परवडेना म्हणून सोडला! खडूस, तेवढ्यात तेव्हा अख्खा आला असता.

खडूस_प्रवासी

@इतिहास, टायमिंग चुकलं माझं.

बरं, वाट हाच किल्ला, हे पटतंय. पण मग ओसाका का नको ते अजून कुणी सांगितलं नाही.

गडवाट_०७

ओसाकाचा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा. संग्रहालय म्हणून चांगला आहे आणि त्याचे खंदक व तटाचे प्रचंड दगड खरे जुने आहेत. बाहेरून जरूर बघा. नागोयाचाही युद्धात जळला, १९५९ ला काँक्रीटमध्ये उभा केला आणि २०१८ पासून तो आतून बंद आहे. जुने खरे मनोरे जपानभर बाराच उरलेत. त्यातले पाच राष्ट्रीय ठेवा: हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने, मात्सुए. हिमेजीत मोठा मनोरा आणि तीन छोटे, मधल्या दालनांनी जोडलेले, शिवाय तट-दरवाजे मिळून ऐंशीच्या वर इमारती. मनोरे इतरत्रही आहेत, एवढी सलग *वाट* नाही.

जिना_विरोधी

असहमत. क्योतोहून हिकोने जवळ पडतं, गर्दी कमी. जोडीला तळ्याकाठची बाग.

पायमोजे_वाले

आणि हिकोनेचा जिना बासष्ट अंशांचा. तुमचं नाव बदला आधी.

चिंगी_चौकस

अवांतर: तिथे विहिरीत भूत आहे ना? ताटल्या मोजणारं?

इतिहास_चघळणारा

ओकिकू. दासी. कटाची खबर फोडली म्हणून तिच्यावर दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक चोरल्याचा आळ घेतला आणि मारून विहिरीत टाकलं. रात्री एक ते नऊ मोजते आणि दहाव्याला रडते. विहीर मनोऱ्यातून उतरल्यावर परतीच्या वाटेवरच आहे, वर जाळी आहे. हीच कथा टोकियोतही सांगतात, तेव्हा मालकी हक्काचा वाद आहेच.

जाळीतलं आणखी एक: तटातला म्हातारीचा दगड. तेरुमासाच्या आधी इथे किल्ला बांधणाऱ्या हिदेयोशीला दगड कमी पडले तेव्हा एका गरीब म्हातारीने आपलं जातं दिलं, अशी आख्यायिका. दगड खरंच कमी होते, हे मात्र डोळ्यांनी दिसतं. दगडी शवपेट्या आणि दिवे तोडून तटात बसवलेले आहेत.

ठिपक्यांची_रांगोळी

आमच्यासारख्या गवतखाऊंनी तिथे खायचं काय?

आगगाडी_बाई

हिमेजी ओदेन (रश्श्यात शिजवलेल्या भाज्या वगैरे) आल्याच्या सोयासॉसबरोबर देतात, पण रस्सा माशाचा, त्यामुळे "यातलं मुळा-बटाटा फक्त" ही पळवाट चालत नाही. सकाळी कॅफेत बदामाच्या लोण्याचा टोस्ट मिळतो, तो हिमेजीचीच खासियत आणि पोटभर. बाकी स्टेशनवरची फळं आणि पिशवीतले मेथीचे ठेपले.

वेरूळकर

आता मूळ प्रश्नाकडे या की मंडळी. काकांचे गुडघे राहिले.

खडूस, सगळ्यांनी मिळून तिकीट काढायची गरजच नाही. तिकीटघराच्या अलीकडे सान्नोमारु हे मोठं गवताळ आवार आहे, तिथे फुकट जाता येतं, जमीन बऱ्यापैकी सपाट आहे आणि मनोरा समोर पूर्ण दिसतो. स्टेशनवरून लूप बस किल्ल्यापर्यंत आणते, एक किलोमीटरही चालायला नको. तिथून कोको-एन जवळच. १९९२ साली उघडलेली, भिंतींनी विभागलेल्या नऊ बागा, एक चहाची खोली. आई-बाबांपैकी कुणी कंटाळणार नाही. तुम्ही आणि मुलगी तेवढ्यात वर जाऊन या. दोन ते अडीच तास धरा, गडवाट यांच्या पद्धतीने चाललात तर तीन.

पायमोजे_वाले

वेरूळकरांशी सहमत, एक भर. आईंना चढ झेपत असेल आणि जिने नको असतील तर "पश्चिमेच्या निशिनोमारुला जा, तिथे सोपं आहे" असा सल्ला हमखास मिळेल. तो अर्धाच खरा. तिथेही चढ आहे, बूट काढायचे आहेत आणि दोनशे मीटरहून लांब दालनात मध्ये मध्ये पायऱ्या आहेत. मनोऱ्याइतक्या उभ्या नाहीत इतकंच. मनोऱ्यात न शिरता वरच्या बिझेनमारु चौकापर्यंत जाता येईल का, हे दारावरच्या माणसाला विचारा. गर्दीच्या दिवशी वाटा बदलतात.

शुभ्र_बगळा

निशिनोमारु मुलीला मात्र दाखवाच. सेनहिमेचं दालन आहे ते. शोगुन (लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा हिदेतादाची लेक, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा नवरा त्यात गेला. पुढे होंदा घराण्यात दुसरं लग्न होऊन ती हिमेजीला आली. तिच्या हुंड्याच्या पैशांतून ही बाजू सजली. दालनाच्या खिडक्यांतून मनोरा जसा दिसतो तसा कुठूनच दिसत नाही, आणि तिथे गर्दी निम्मी.

खडूस_प्रवासी

ठरलं. आई-बाबा सान्नोमारु आणि बाग, आम्ही दोघं वर. दुपारी बारापर्यंत पोचलो तर चालेल ना?

आगगाडी_बाई

नाही! एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे चेरीचा शेवटचा बहर, शनिवार-रविवार तर विचारूच नका. गर्दी वाढली की मनोऱ्यात माणसं मोजून सोडतात. नवाला दरवाजा उघडतो, साडेआठला तिथे असा. शेवटचा प्रवेश चारला, बंद पाचला. ओसाकाहून सातची गाडी.

खडूस_प्रवासी

सातची... बाबा पाचला उठून बसलेले असतातच. मुलीला उठवायचं कसं, यावर वेगळा धागा काढतो.

भाजणीची_चकली

तिला सांगा, विहिरीतल्या ओकिकूचं मोजून झालं नऊपर्यंत. दहावी ताटली तुझ्याकडे मागतेय.